जिन्यावर धाप लागते, मग गड चढू की नको?

आक्का, नमस्कार. मी ४६ वर्षांची, बेळगावच्या वडगावात शिलाईचं काम करते. दिवसभर मशीनवर बसून असते. आमच्या भिशीतल्या आठ जणींनी जानेवारीत ट्रेकिंगला जायचं ठरवलंय. एकीनं खानापूरकडच्या जंगलातल्या धबधब्याचं रील दाखवलं, तेव्हापासून सगळ्या तिथंच जाऊया म्हणायल्यात. मी कधी डोंगर चढलेली नाही. घरचा जिना चढले तरी धाप लागते, डावा गुडघा अधूनमधून दुखतो. आमचे मालक म्हणतात, तू गेलीस की बाकीच्यांचा खोळंबा. मलाही तीच भीती आहे. बूट घ्यावेत का? साडीवर चालेल का? आणि वाटेत बाथरूमचं काय करतात, हे कुणाला विचारायचीही लाज वाटते. सहा-सात आठवडे हातात आहेत. जाऊ, की काहीतरी कारण सांगून घरी राहू?
– भिशीतली एक, वडगाव

ताई, जा. कारणबिरण काही सांगू नका. पण त्या धबधब्याला नको.

धबधब्याचं आधी मिटवते. ते रील जुलै-ऑगस्टातलं असणार. जानेवारीत तुम्ही तिथं पोचाल तेव्हा काळा कातळ आणि त्यावरून ओघळणारी बारीक धार दिसेल, आणि आठ जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसाल. शिवाय खानापूरकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातलं बरंचसं रान भीमगड अभयारण्यात येतं. २०११ साली ते जाहीर झालं. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि पावसाळ्यात धबधब्यांवर बऱ्याचदा बंदीच असते. गवे आहेत, अस्वलं आहेत, मोबाईलला रेंज नाही. माहीतगार माणूस सोबत असेल तर ते रान फार सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा चालणाऱ्या आठ जणींनी रील बघून तिथं शिरणं मला पटत नाही.

येळ्ळूरच्या राजहंसगडाला जा, आपल्या बेळगावाजवळच आहे. भिशीत नाकं मुरडतील, मला ठाऊक आहे. ‘तो काय ट्रेक आहे? तो तर गच्चीवरून दिसतो!’ दिसतो म्हणूनच सांगते. येळ्ळूरपर्यंत बस आहे, वर जवळजवळ दरवाजापर्यंत गाडीरस्ता आहे, मध्येच कुणाला नको झालं तर रिक्षा किंवा भाच्याची गाडी बोलावता येते. पहिल्या चालीला परत फिरायची सोय हवी. तुम्ही गाडीनं वर जायचं नाही. येळ्ळुरात उतरून पायी निघायचं. वर तट आहे, बुरूज आहेत, सिद्धेश्वराचं देऊळ आहे, महाराजांचा पुतळा आहे आणि वारा तर असा की बोललेलं ऐकू येत नाही. बसचं म्हणाल तर कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा. म्हणजे आठ जणींचा खर्च चहाचा.

आता तुमचा खरा प्रश्न. बूटही नव्हे आणि गुडघाही नव्हे, खोळंब्याची भीती. पहिल्यांदा जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या पोटात हीच भीती असते, आणि त्यापायी ती सुरुवातीलाच दमते. गट निघाला की भराभर चालणाऱ्या बायका पुढं सुटतात. मागची एकटी पडते, लाजेनं पाय उचलते, श्वास फुटतो. पुढच्या एखाद्या झाडाखाली बसून तिची वाट बघतात, पाणी पितात, फोटो काढतात. ही धापा टाकत पोचली की ‘आली गं, चला!’ म्हणून उठतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना पाच मिनिटं मिळाली आणि जिला होती तिला काहीच नाही. असं चार वेळा झालं की ती बाई ‘मला जमत नाही’ असं ठरवून मोकळी होते. तिला जमत असतं, चालायची रीत चुकलेली असते.

रीत अशी. सगळ्यात हळू चालणारी पुढं, दुसऱ्या नंबरला. पहिल्या नंबरला वाट माहीत असलेली आणि मागं न बघता तडातडा न सुटणारी. सगळ्यात दमदार बाई शेवटी, आणि तिच्या मागं कुणी राहायचं नाही. थांबायचं तर शेवटची आल्यावर घड्याळ लावायचं, पाच मिनिटं तिच्यासुद्धा. हे निघायच्या दिवशी वाटेत सांगून चालत नाही, आधीच्या भिशीलाच बोलून ठेवा. ‘मी हळू चालणार, मी पुढं राहणार’ असं चहा पिताना सरळ सांगा. बघा, आणखी दोघी-तिघी हळूच म्हणतील, बरं झालं बोललीस. आणि मालक येतो म्हणाले तर आणा, औषधाची पिशवी देऊन शेवटी ठेवा.

जिन्यावरची धाप म्हणजे डोंगर जमणार नाही असं नाही. बसलेलं माणूस एकदम उठून भराभर जिना चढतं तेव्हा हृदय आणि फुप्फुसं अजून वेग धरायच्या आत जिना संपलेला असतो. डोंगरावरही पहिली वीस मिनिटं अशीच वाईट जातात, मग श्वास बसतो. त्या वीस मिनिटांत मुद्दाम हळू चाला, इतकं हळू की तुम्हालाच संकोच वाटेल. माप सोपं आहे: चालताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्ये तुटायला लागलं की वेग कमी करायचा. भिशीच्या बायकांना हे माप वापरायला काही अडचण पडू नये. मात्र धाप लागताना छाती आवळल्यासारखी होत असेल, चक्कर येत असेल, किंवा बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, गुडघाही त्याच वेळी दाखवून घ्या. हे टाळू नका.

सहा आठवडे पुरे आहेत. वडगावात राहता ना, मग येळ्ळूर रोडनंच सकाळी निघा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, सपाटीवर. तिसऱ्या आठवड्यापासून वेळ पाऊण तासावर न्या आणि त्यात दोन दिवस घरचा जिना घाला. दहा मिनिटं चढ-उतर, कठड्याला हात लावून चालेल, पण सावकाश. गुडघ्यासाठी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठायचं-बसायचं, असं तीनदा. दुखणारा गुडघा चरचरायला लागला तर तेवढ्यावर थांबा. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बाईच्या मांड्या कमजोर झालेल्या असतात आणि उतरताना सगळा भार मांड्यांनी पेलला नाही की तो गुडघ्यावर येतो. शेवटचे दोन आठवडे पाठीवर पिशवी घेऊन चाला, त्यात पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या. एका खांद्यावरची पर्स नको, मुलाची शाळेची सॅक छान आहे. शेवटचे दोन दिवस काही करू नका.

बूट घ्या, पण महागडे नकोत. तळाला खोल खाचा असलेले साधे स्पोर्ट शूज पुरतात. संध्याकाळी दुकानात जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे घालणार तेच घालून बघा. टाच घट्ट बसली पाहिजे आणि पुढं बोटांसमोर अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतरताना नखं बुटावर आपटून काळी पडतात. आदल्या दिवशी नखं काढून ठेवा. घेतलेले बूट रोजच्या चालण्यात वापरायला लागा. ट्रायल न घेतलेला ब्लाऊज तुम्ही गिऱ्हाइकाला लग्नाच्या सकाळी देत नाही, तसंच हे. माळ्यावर तीन वर्षं पडलेले कुणाचे तरी बूट काढून नेऊ नका. वरून नवे दिसतात, पण पडून राहिलेल्या बुटांचा तळ आतून ठिसूळ होतो आणि अर्ध्या वाटेत जबडा उघडतो. चालताना पायाला कुठं चटका बसल्यासारखं वाटलं तर लगेच थांबून तिथं मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

साडीवर चढता येतं. आमच्याकडच्या बायका साडी खोचून रानातून डोक्यावर लाकडं आणतातच. पण त्यांना त्याची सवय आहे, तुम्हाला साडीवर मशीन चालवायची सवय आहे. पंजाबी ड्रेस घाला, सलवारचा पायघोळ बोंगा नको, खाली निमुळती असू दे. ओढणी घरी ठेवा आणि डोक्याला सुती रुमाल घ्या. वर मुलाची क्रिकेटची जर्सी असेल तर उत्तमच. सुती कापड घामानं भिजलं की अंगाला चिकटून राहतं आणि गडावरच्या वाऱ्यात हुडहुडी भरते, जर्सी लवकर वाळते. आणि जानेवारीत एक छळ ठरलेला: कुसळं. गवत वाळलेलं असतं, वाट सोडून दोन पावलं गेलात की मोज्यात पन्नास काड्या रुततात. प्रत्येक काडीचं टोक आत आणि शेपूट बाहेर, ओढून काढायला गेलं की टोक मोडून आत राहतं. लोकरीचे, सैल विणीचे मोजे मुळीच नकोत. गुळगुळीत नायलॉनचे घाला. तुमच्याकडची धागे काढायची छोटी कात्री किंवा चिमटा पिशवीत टाका, सगळ्या मागत येतील.

आता ज्याची लाज वाटली ते. विचारलंत ते फार चांगलं केलंत, कारण न विचारणाऱ्या बायका त्यावर स्वतःच एक वाईट उपाय काढतात: सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि खापर डोंगरावर. पाणी प्यायचं. घरून निघताना जाऊन यायचं, येळ्ळुरात उतरल्यावर कुठल्याही घरी विचारायचं. आठ बायका दारात उभ्या राहून ‘वैनी, जरा बाथरूमला जाऊ का?’ म्हणाल्या तर आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही, उलट चहा ठेवतील आणि तुम्हालाच उशीर होईल. वाटेत लागलं तर दोघी-दोघींनी जायचं. वाटेपासून, विहिरी-ओढ्यापासून लांब, झुडपामागं, एकीनं छत्री किंवा चादर धरायची. बसायच्या आधी काठीनं गवत आपटायचं. तटाच्या आत आणि देवळाच्या आसपास नको. कागद वापरलात तर झिपच्या पिशवीत घालून परत आणायचा. पाळी आली असेल तरी चालायला काही हरकत नाही. पोटात फारच दुखत असेल तेवढंच बघा. पॅडही तसंच कागदात गुंडाळून, दुहेरी पिशवीत घालून घरी आणायचं. जमिनीत पुरलेलं कुत्री उकरतात.

खाण्याचं तुम्हाला काय सांगायचं! फक्त सकाळी पुऱ्या-भाजी हाणून निघू नका. पोट जड झालं की चढ दुप्पट वाटतो. निघण्याआधी तासभर दोन केळी किंवा थोडे पोहे, बास. सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गूळ-शेंगदाणे, चिरमुऱ्याचा भडंग. दहीभात नको, दुपारपर्यंत आंबतो. कुंदा नेणारी एकतरी निघतेच, तो वर पोचल्यावर उघडायचा. पाणी माणशी दोन लिटर, घोट-घोट. एक लिटरच्या बाटलीत सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे घरचं जलसंजीवनीचं प्रमाण आहे, एक बाटली तशी करा. लिंबू पिळलंत तर पिववतं तरी.

किती वेळ लागेल, हे गटात सगळ्यांना आधी माहीत असावं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक हिशेब घालून दिला, तो अजून वापरतात: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर उंचीला वर एक तास. हा सरावाच्या माणसाचा आकडा आहे. तुम्ही त्याची दीडपट धरा, वर बसायचा वेळ वेगळा. सकाळी सातला येळ्ळुरातून निघालात तर ऊन चढायच्या आत गडावर असाल. परत फिरायची वेळ ठरवून टाका, समजा साडेअकरा, आणि मग कुणी कितीही फोटोला उभं राहिलं तरी साडेअकरा म्हणजे साडेअकरा. घरी एकाला सांगून ठेवा कुठं जाताय आणि कधी परत येणार. अडीनडीला ११२ नंबर.

भीती घालत नाही, पण दोन गोष्टी. तटाला, झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता बाजूनं जा. अत्तर-सेंट लावून येऊ नका, आणि जाळ-धूर तर करूच नका. हात टेकताना दगडाच्या फटीत टेकू नका. साप चावलाच तर दोरी बांधणं, चिरणं, चोखणं काही करायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. पुढं कधी खानापूर-चंदगडच्या दाट रानात गेलात तर आल्यावर अंग आणि कपडे नीट तपासा, गोचीड चिकटलेली असते. शेजारच्या सत्तरी-दोडामार्गात २०१६ च्या सुमारास माकडतापाचे रुग्ण सापडले होते, आणि तो गोचिडीतूनच येतो.

वर पोचल्यावर एक करा. पोचल्या पोचल्या मोबाईल काढू नका. तटावर, कड्यापासून आत, अर्धा तास नुसतं बसा. एका अंगाला आपलं बेळगाव पसरलेलं दिसेल आणि येळ्ळूरची भातखाचरं, जिथला बासमती आपण कौतुकानं पाहुण्यांना खाऊ घालतो. कापणी झालेली असेल, खाचरांचे बांध वरून शिलाईच्या रेघांसारखे नीट दिसतात. पश्चिमेला सह्याद्रीची निळसर रांग. त्यातलं कुठलं काय, यावर आठ जणींत आठ मतं होतील, होऊ देत. स्पीकरवर गाणी मात्र लावू देऊ नका. कुणाला फारच गायचं असेल तर तोंडानं गावं.

उतरताना गप्पा कमी करा. बहुतेक जणी चढताना नव्हे, उतरताना पडतात, कारण ‘झालं आता’ म्हणून लक्ष सुटतं. बारीक खडी गोट्यांसारखी पायाखालून सरकते. पावलं लहान टाका, गुडघे ताठ न ठेवता किंचित वाकवून, पाऊल पूर्ण टेकून. फार उतार असेल तिथं थोडं तिरकं होऊन उतरा. एक बांबूची काठी घ्या, छातीपर्यंत उंचीची, आणि दुखणाऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात धरा, म्हणजे तुमच्या उजव्या. खाली येईपर्यंत पाय थरथरायला लागतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हे जमलं आणि आवडलं, तर फेब्रुवारीत देवरवाडीच्या वैजनाथाला जा आणि तिथून महिपाळगड करा. शिनोळीच्या पुढं, चंदगड तालुक्यात. गडावर चक्क गाव आहे, माणसं राहतात, पाणी मागायला घर आहे. हद्द ओलांडली की आपली फुकट बस संपते, पण महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना त्यांच्या हद्दीत अर्धं तिकीट आहे. त्यानंतर पारगड, तिथल्या पायऱ्या सरळ छातीवर येतात, म्हणून तो तिसरा. धबधबा पुढच्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर, वनखात्यात चौकशी करून आणि वाटाड्या घेऊन.

आणि एक, कामाचं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, तिसऱ्या दिवशी कदाचित जास्तच, ते उतरण्यामुळं असतं आणि दोन-तीन दिवसांत आपोआप जातं. झोपून राहू नका, थोडं थोडं चालत राहा. पण पायाची मशीन असेल तर पायडल मारताना जीव जाईल. तेव्हा रविवारी गडावर जाणार असाल तर सोमवार-मंगळवारची तारीख कुठल्याच ब्लाऊजला देऊ नका.